मोटरसायकलला बाजारातला अलार्म स्वतः बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे १०० ते ३५० सीसीच्या, १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या पेट्रोल मोटरसायकली डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एक डबी, एक भोंगा, दोन रिमोट आणि वायरींचा जुडगा असे जे किट सुट्या भागांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, तेच येथे अभिप्रेत आहे. सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे: अलार्मने गाडीवर पहारा जरूर द्यावा, पण गाडी चालू राहणे कधीही अलार्मच्या मर्जीवर अवलंबून नसावे.

अलार्म बसवला म्हणजे गाडी चोरीला जाणार नाही, असे समजावे का?

तसे समजू नये. अलार्म केवळ आवाज करतो आणि तो आवाज ऐकून उठणारा माणूस जवळ असेल तरच त्याचा उपयोग होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वाड्याच्या बोळात किंवा खिडकीखाली गाडी उभी राहत असेल, तर अलार्म खरोखर कामाचा आहे. रेल्वे स्टेशनबाहेरच्या वाहनतळावर मात्र त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही, कारण तेथे दिवसभर कोणता ना कोणता अलार्म वाजत असतो आणि कोणी मान वर करूनही पाहत नाही. म्हणून हँडल लॉक लावण्याची सवय सोडू नये, आणि एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर आधी पुढच्या चाकासाठी चांगले डिस्क लॉक घ्यावे.

हे काम घरी जमण्यासारखे आहे का? कोणती हत्यारे लागतात?

मल्टिमीटरवर व्होल्टेज मोजता येत असेल आणि वायर सोलून नीट सोल्डर करता येत असेल, तर हे काम एका निवांत दुपारी होते. यांपैकी एकही गोष्ट येत नसेल, तर आधी जुन्या वायरींच्या तुकड्यांवर हात बसवावा. १० चा पान्हा, स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलण्याची पक्कड, सोल्डरिंग आयर्न, उष्णतेने आकसणारी स्लीव्ह, प्लास्टिकचे टाय, फ्यूज होल्डर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर एवढे साहित्य पुरते. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सर्व एका फेरीत मिळते. मल्टिमीटर नसताना हे काम सुरू करू नये, कारण अंदाजाने जोडलेली एक वायर आजकालच्या फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत फार महाग पडू शकते.

किटमधल्या सगळ्या वायरी जोडाव्याच लागतात का?

नाही, आणि हे आधीच समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. जुडग्यात आठ-दहा वायरी असतात. त्यांतील बॅटरीचा पॉझिटिव्ह, बॅटरीचा निगेटिव्ह, इग्निशन चालू झाल्याची खबर देणारी वायर, उजव्या आणि डाव्या इंडिकेटरच्या दोन वायरी आणि भोंग्याचा कपलर (वायरी जोडण्याचा प्लग) एवढेच पहाऱ्यासाठी लागते. उरलेल्या वायरी रिमोटने गाडी सुरू करण्यासाठी आणि इंजिन बंद पाडण्यासाठी असतात. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. न जोडलेल्या प्रत्येक वायरचे टोक स्वतंत्रपणे दुमडून, त्यावर स्लीव्ह चढवून टायने बांधून ठेवावे. उघडी टोके एकत्र पिळून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, ती धोक्याची आहे.

वायरींचे रंग जुळवून जोडले तर चालते का?

चालत नाही. या कामातील सर्वांत मोठी फसगत रंगांमुळेच होते. बहुतेक किटमध्ये काळी वायर निगेटिव्हची असते. होंडा आणि हिरोच्या बहुतेक गाड्यांत मात्र निगेटिव्ह हिरव्या वायरीत असतो आणि काळ्या वायरीत चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट येतात. म्हणजे काळ्याला काळी जोडली की अलार्मच्या निगेटिव्हच्या जागी पॉझिटिव्ह जाऊन बसतो. यामाहाच्या गाड्यांत काळी वायर निगेटिव्हचीच असते, पण तेथे इग्निशनची वायर तपकिरी असते. एका कंपनीच्या गाडीवर शिकलेले रंग दुसऱ्या गाडीवर वापरता येत नाहीत, म्हणून प्रत्येक वायर मीटरनेच ओळखावी.

मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाल प्रोब तपासायच्या वायरीवर लावावा. चावी बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर बॅटरीइतके व्होल्टेज दिसले, तर ती इग्निशनची वायर आहे. चावी बंद असतानाही व्होल्टेज दिसत असेल, तर ती थेट बॅटरीवरून आली आहे. इंडिकेटर चालू केल्यावर आकडा खाली-वर होत राहिला, तर ती इंडिकेटरची वायर आहे.

निगेटिव्ह वायर ओळखताना जोडणी तपासण्याच्या टप्प्यावर मीटर देतो त्या नुसत्या 'बीप'वर विसंबू नये. चावी बंद असताना इग्निशनची वायरही एखाद्या बल्बच्या तारेमार्गे निगेटिव्हला जोडलेली असते, आणि थंड बल्बचा रोध इतका कमी असतो की मीटर तेथेही बीप देऊ शकतो. माझी स्वतःची पहिली चूक हीच होती. बीप ऐकून मी वायर निश्चित केली, आणि चावी फिरवताच फ्यूज उडाला. तेव्हापासून अलार्मचा निगेटिव्ह मी नेहमी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच घेतो. त्यासाठी गाडीची एकही वायर सोलावी लागत नाही आणि शंकेला जागा उरत नाही.

फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे लावावा?

अलार्मच्या पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, ५ अँपिअरचा स्वतंत्र ब्लेड फ्यूज लावावा. दहा वॉटचे चार इंडिकेटर बल्ब एकदम पेटले तर साधारण ३.३ अँपिअर लागतात आणि भोंग्याला आणखी अर्धा अँपिअर धरला, तरी ५ अँपिअर पुरतो. किटमध्ये फ्यूज नसेल तर तो विकत घेऊन घालावाच. फ्यूज गाडीच्या वायरिंगला जळण्यापासून वाचवतो, त्यामुळे तो बॅटरीपासून जितका दूर जाईल तितकी मधली वायर असुरक्षित राहते.

बॅटरी सोडवताना आधी कोणते टर्मिनल काढावे?

आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. जोडताना याच्या उलट. पॉझिटिव्हचा बोल्ट काढताना पान्हा चासीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेला असला, तर त्या पान्ह्यातूनच शॉर्ट होतो.

वायरींचे जोड पिळून त्यावर टेप गुंडाळली तर काय बिघडते?

पहिले दोन महिने काहीच बिघडत नाही आणि म्हणूनच हा जोड फसवा आहे. गाडीच्या सीटखालची जागा उन्हाळ्यात तापते, पावसाळ्यात ओली होते आणि वर्षभर हादरत असते. टेपचा डिंक उष्णतेने पातळ होऊन बाजूला सरकतो, टेप सैल होते, आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात त्या फटीतून पाणी आत शिरते. मी उघडलेल्या एका जोडाची टेप चिकट होऊन हाताला लागत होती, आतले तांबे हिरवे पडले होते आणि वायर दोन बोटांनी ओढताच तुटून हातात आली. ते काम एका दुकानातच झालेले होते. त्यांनी मूळ हार्नेसची (गाडीच्या वायरींच्या जुडग्याची) जाड वायर मधोमध कापून पुन्हा जोडली होती, त्यामुळे अलार्मच नव्हे तर गाडीचे इग्निशनही त्या कच्च्या जोडावर चालत होते.

मूळ वायर कापू नये. वायरवरचे आवरण सुमारे एक सेंटिमीटर लांबीत अलगद सोलावे, उघड्या तांब्याच्या तारा टोकदार वस्तूने दोन भागांत फाकवाव्यात, त्यातून अलार्मच्या वायरचे टोक ओवून घट्ट गुंडाळावे आणि मग सोल्डर करावे. सोल्डरिंग आयर्न तांब्याला टेकवून तांबे तापू द्यावे आणि सोल्डर तांब्यावर वितळवावे. आयर्नच्या टोकावर वितळवलेला थेंब जोडावर टाकला, तर तो वरवर बसतो आणि आत शिरत नाही. नीट झालेला जोड चमकदार दिसतो आणि त्याखाली तारांचे पीळ ओळखू येतात, तर कच्चा जोड मंद, करडा आणि गोळ्यासारखा दिसतो. अशा मधल्या जोडावर स्लीव्ह ओवता येत नाही. तेथे स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून दोन थर द्यावेत आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना टाय मारावेत, म्हणजे हादऱ्याचा ताण सोल्डरवर येत नाही. सोल्डर केलेली वायर कडक होते आणि हलत राहिली तर सोल्डर संपते तिथेच तुटते. त्यामुळे हँडल वळताना हलणाऱ्या भागात, म्हणजे हेडलाइटमागच्या आणि स्टिअरिंगजवळच्या वायरींवर, शक्यतो जोड करूच नये.

मूळ वायरीला हातही लावायचा नसेल, तर गाडीच्या कपलरला बसणारे नर-मादी कपलर विकत आणून मध्ये जोडता येणारा तुकडा तयार करावा. वेळ जास्त लागतो, पण गाडी विकताना तो तुकडा काढला की वायरिंग जसेच्या तसे राहते. मला विचाराल तर हाच मार्ग सर्वांत चांगला.

अलार्ममुळे बॅटरी उतरते का?

उतरू शकते. गाडी उभी असतानाही अलार्म जागा असतो आणि त्यासाठी थोडा करंट सतत घेत असतो. चांगला अलार्म साधारण ५ मिलिअँपिअर घेतो. दिवसाचे २४ तास धरले, तर हे ०.१२ अँपिअर-तास होतात. लहान गाड्यांत ४ अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी असते, म्हणजे तिचा निम्मा साठा संपायला सोळा-सतरा दिवस लागतात. रोज गाडी चालवणाऱ्याला याची झळ लागत नाही. मात्र अलार्म २० मिलिअँपिअर घेत असेल, तर तोच निम्मा साठा चार दिवसांत संपतो, आणि गणपतीला आठवडाभर गावी जाऊन आल्यावर गाडी सुरू होत नाही. अनेक नव्या गाड्यांना किकही नसते, त्यामुळे ही अडचण पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे.

म्हणून कायमचा बसवण्याआधी अलार्म तात्पुरता जोडून मोजावे. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी, मीटर १० अँपिअरच्या टप्प्यावर ठेवून केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडावा, अलार्म रिमोटने लावावा आणि दोन-तीन मिनिटे थांबून आकडा पाहावा. तो अगदी लहान आहे याची खात्री झाल्यावरच मिलिअँपिअरच्या टप्प्यावर यावे. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर कधीही दाबू नये, कारण स्टार्टरचा करंट मीटरच्या मर्यादेच्या कित्येक पट असतो. अलार्मचा फ्यूज काढून आणि घालून असे दोनदा मोजले, म्हणजे गाडीचा स्वतःचा खप किती आणि अलार्मचा किती, हे वेगळे कळते. १० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेणारा अलार्म लहान गाडीला लावू नये, असे माझे मत आहे.

आठवड्यापेक्षा जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल, तर अलार्मचा फ्यूज काढून ठेवावा आणि चाकाला कुलूप लावून जावे. दोन-तीन तास विश्रांती दिलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर ती भरलेली आहे. तो १२ च्या खाली गेला असेल, तर दोष अलार्मला देण्यापूर्वी बॅटरीही तपासून घ्यावी.

रिमोटने गाडी सुरू करण्याची सोय जोडावी का?

जोडू नये. येथे मी कोणतीही सवलत देणार नाही. आपल्याकडे उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून उभी करण्याची पद्धत आहे आणि ती योग्यही आहे. कंपनीने गाडीच्या स्टार्टरच्या मार्गात न्यूट्रल, क्लच किंवा साइड स्टँडचे स्विच घातलेले असतात, जेणेकरून गियरमध्ये असलेली गाडी नकळत सुरू होऊ नये. अलार्मची स्टार्टरची वायर थेट स्टार्टर रिलेवर, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या त्याच्या स्विचवर, जोडली, तर ही सारी तटबंदी ओलांडली जाते. खिशात दाबले गेलेले बटण किंवा लहान मुलाच्या हातातला रिमोट गियरमधल्या गाडीला पुढे ढकलू शकतो, आणि तिच्यासमोर त्या वेळी कोण उभे असेल ते सांगता येत नाही. ती वायर दुमडून बंद करावी.

चोराने चावीशिवाय गाडी सुरू केली तर इंजिन बंद पाडणारा रिले बसवावा का?

मी बसवत नाही आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बसवू देत नाही. रिले इग्निशनच्या मार्गात बसतो आणि त्याचा एक सैल पाय घाटात, ट्रकच्या पुढे, इंजिन बंद पाडू शकतो. शिवाय काही अलार्ममध्ये चालत्या गाडीचे इंजिन रिमोटने थांबवण्याची सोय असते आणि तिची माहितीपुस्तिकेत धड नोंदही नसते.

तरीही कोणाला बसवायचाच असेल, तर रिले असा जोडावा की त्याला वीज मिळत नसताना इग्निशन चालू राहील. पाच पायांच्या सामान्य रिलेत ३० आणि ८७ए हे पाय वीज नसताना एकमेकांना जोडलेले असतात, तेच वापरावेत. अलार्म मेला तरी गाडी चालू राहते. मात्र अलार्म लावलेला असेपर्यंत रिले ओढूनच धरणारे किट टाळावे. रिलेच्या कॉइलला साधारण १५० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे दहा तासांच्या रात्रीत १.५ अँपिअर-तास, आणि एवढ्याने लहान बॅटरीचा एक मोठा हिस्सा संपतो. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) किंवा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) यांच्या वायरींना कोणत्याही कारणासाठी हात लावू नये.

अलार्म जोडल्यापासून एका बाजूचा इंडिकेटर दिला तरी चारही दिवे लुकलुकतात. असे का होते?

दोन्ही बाजूंच्या वायरी कुठेतरी एकत्र आल्या आहेत. अलार्मला इंडिकेटरसाठी एकच वायर असेल, तर ती दोन डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून, दोन बाजूंना वाटावी लागते. दुकानदार अनेकदा १एन४००७ हा डायोड देतो, पण त्याची मर्यादा १ अँपिअर आहे आणि एका बाजूचे दोन बल्ब सुमारे १.७ अँपिअर घेतात. त्याऐवजी ३ अँपिअरचा १एन५४०८ घ्यावा. डायोडवरची पांढरी पट्टी इंडिकेटरच्या दिशेला हवी.

डबी आणि भोंगा कुठे बसवावा?

डबी सीटखाली, सायलेन्सर आणि इंजिनच्या उष्णतेपासून दूर, वायरींची तोंडे खाली येतील अशी बसवावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी आत जात नाही. तिच्यातच हादरा ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे ती चासीला पक्की बांधावी. फोमवर ठेवलेली डबी निम्मे हादरे गिळते. भोंग्याचे तोंड खाली किंवा मागे असावे आणि तो बाहेरून हात घालून उपटता येणार नाही अशा जागी असावा. टाकीखाली वायरी कोंबू नयेत. टाकी बसवताना त्या चिमटीत सापडतात.

रात्री कारण नसताना अलार्म वाजतो. काय करावे?

सेन्सरची संवेदनशीलता सर्वांत कमी पातळीवर आणून एकेक पातळी वर न्यावी. हाताने सीटवर हलकी थाप मारल्यावर वाजू नये, पण गाडी साइड स्टँडवरून उचलताच वाजावी, ही योग्य पातळी आहे. रस्त्यालगत गाडी उभी असेल तर जवळून जाणारा डंपरही अलार्म वाजवतो. दिवाळीचे फटाके आणि मिरवणुकीतले ढोल-ताशे यांच्यापुढे मात्र कोणतीही पातळी टिकत नाही, त्या रात्री फक्त कुलूप लावावे. उतरलेली बॅटरी आणि पाणी शिरलेला कपलर हीदेखील वारंवार आढळणारी कारणे आहेत.

कायदा, वॉरंटी आणि विमा यांचे काय?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ बहुसुरी हॉर्न आणि कर्कश, दचकवणारा आवाज करणारी उपकरणे यांना मनाई करतो. रुग्णवाहिका आणि पोलिसांसारखे आवाज आलटून पालटून काढणारा भोंगा म्हणूनच घेऊ नये. एका सुराचा, अर्ध्या मिनिटात आपोआप थांबणारा घ्यावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आजाऱ्याला किंवा तान्ह्या बाळाला दर रात्री उठवणारा अलार्म शेजाऱ्यांनी का सहन करावा, हाही प्रश्न आहेच.

वॉरंटीतली गाडी असेल, तर वायरिंग सोलल्यावर विजेच्या भागांचा दावा नाकारला जाऊ शकतो. अशा गाडीला कंपनीचा अधिकृत अलार्म उपलब्ध असेल तर तोच घ्यावा. विम्याच्या बाबतीत, पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे एआरएआयची मान्यता असलेल्या चोरीविरोधी उपकरणाला हप्त्यात थोडी सवलत मिळू शकते. मान्यता नसलेल्या किटवर तिची अपेक्षा धरू नये. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर चोरीची भरपाईच मिळत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरला हेच किट चालेल का?

मुख्य बॅटरीवर तर मुळीच जोडू नये, कारण तेथे ४८ व्होल्ट किंवा त्याहून जास्त व्होल्टेज असते. बहुतेक नव्या स्कूटरमध्ये चोरीची सूचना देणारी सोय आधीपासूनच असते, ती वापरावी.

गाडी चालवताना किंवा भर पावसात अलार्म बिघडला तर काय करावे?

गाडी बाजूला घ्यावी, सीट काढावी आणि अलार्मचा ५ अँपिअरचा फ्यूज उपसून काढावा. वर सांगितल्याप्रमाणे इग्निशन आणि स्टार्टरच्या मार्गात काहीच जोडलेले नसेल, तर गाडी त्याच क्षणी मूळ स्थितीत येते आणि नेहमीसारखी सुरू होते. ही चाचणी बसवण्याच्या दिवशीच घरासमोर करून पाहावी: गाडी मुख्य स्टँडवर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे, रिमोटचे प्रत्येक बटण एकेकदा दाबावे आणि शेवटी चालू इंजिनावरच फ्यूज काढावा. यांतील कोणत्याही कृतीने इंजिन अडखळले, तर एखादी वायर चुकीच्या जागी जोडली गेली आहे आणि ती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये. फ्यूज होल्डर सीट उघडताच हाताला लागेल असा बांधावा, आणि घरात दुसरे कोणी ती गाडी चालवत असेल तर त्यांनाही तो एकदा काढून, पुन्हा बसवून दाखवावा.